पाठमोऱ्या माणसाचं पान

बारा एप्रिल एकोणीसशे एकोणसाठ, रविवार. स्थळ बेंबळी, तालुका उस्मानाबाद. देऊ केलेली रक्कम रुपये एकशे एक. दहाच्या दहा नोटा आणि एक रुपया सुटा. हजर माणसं चार: आमचे घरमालक, मी, ज्या घरात बसलो होतो तिथली म्हातारी आणि तिचा मुलगा. भिंतीवर आणखी एकजण होता, पण त्याच्या अंगावर कातडं नव्हतं, म्हणून त्याला मी हजर माणसांत धरलेलं नाही.

हा व्यवहार कसा उभा राहिला ते समजायचं तर आधी आमचे घरमालक समजायला हवेत, आणि ते काम सोपं नाही. मी त्यांच्या घरात सहा वर्षं भाड्यानं राहिलो. जिल्हा कचेरीत हिशेबाच्या टेबलावर होतो, नवीन लग्न झालेलं होतं, आणि धाराशिवात त्या वेळी नोकरदाराला जागा मिळणं कठीण होतं. कुणीतरी सांगितलं, अमुक गल्लीत पेन्शनर आहेत, जागा स्वच्छ आहे, फक्त ते जरा तपासून घेतात. मला वाटलं, चारित्र्य तपासत असतील.

त्यांनी मला ओसरीवर उभं केलं, सदरा वर करायला लावला आणि फासळ्या मोजल्या.

"बारा जोड्या," ते म्हणाले. "ठीक. शेवटच्या दोन सुट्या आहेत, त्यांना जपा. राहायला कधी येता?"

घराला दोन बाजू होत्या. उजव्या बाजूला तीन खण, भाडं अकरा रुपये. डाव्या बाजूला दोन खण, भाडं आठ. मला डावी मिळाली. पुढं मुलगी झाली, जागा पुरेना, तेव्हा मी अर्ज केला की परसात जागा मोकळी आहे, डावीकडंही तिसरा खण काढून द्या, मी तीन रुपये जास्त देईन. घरमालकांनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी देवळाचा कळस मागितला.

"अहो, उजवं फुप्फुस तीन पाळ्यांचं असतं, डावं दोनच पाळ्यांचं. डावीकडं तिसरी काढली तर काळीज कुठं ठेवू?"

काळीज म्हणजे त्यांची पुस्तकांची खोली. ती मधोमध, जरा डावीकडं कलून होती. माझी बायको वैतागून म्हणायची, "फुप्फुसात राहतोय म्हणूनच इथं एवढा दमटपणा आहे."

घरमालक निजामी अमलात तहसील कचेरीत नकलनवीस होते. नकलनवीस म्हणजे अस्सल कागद समोर ठेवून दुसरा कागद त्याच्याशी हुबेहूब उतरवणारा. तीस वर्षं त्यांनी हेच केलं. मूळ कागदात चूक असली तर नकलेतही तीच चूक, मूळ कागदावर शाई सांडली असली तर नकलेवर तेवढाच डाग. राज्य गेलं, संस्थान विलीन झालं, आम्ही आधी हैदराबाद राज्यात होतो ते मग मुंबई राज्यात गेलो, पण यांची शेरवानी गळ्यापर्यंत बटणं लावलेलीच राहिली आणि बोलण्यात तसदीक, मुलाहिजा, अस्सल, गहाळ हे शब्द टिकले. शरीराच्या आतल्या भागांची जुनी छापील पुस्तकं जमवायचा नाद त्यांना कसा लागला, हे मी एकदा विचारलं होतं.

"तीस वर्षं लोकांच्या जमिनीचे नकाशे उतरवले," ते म्हणाले. "एक नकाशा असा बघितला नाही ज्याच्यावर दोघांचं भांडण नाही. म्हटलं, ज्याच्यावर कुणाचा दावा नाही असा एखादा नकाशा असेल की नाही? तर हा सापडला."

पुस्तकं एकेचाळीस होती. त्यांतली चार ते वाचू शकत, ती उर्दू आणि फारसी होती, शिळाप्रेसची. बाकीची इंग्रजी, जर्मन, लॅटिन आणि एक अशा भाषेतलं, जिचं नाव कचेरीत कुणाला सांगता आलं नाही. वाचता येत नाही याचं त्यांना काही वाटत नसे. "मजकूर हा त्या लिहिणाऱ्याचा दावा झाला. चित्र हा पुरावा," असं ते म्हणत.

मात्र पुराव्यातही एकवाक्यता नव्हती. एका पुस्तकात यकृताला दोन पाळ्या, दुसऱ्यात चार, आणि सगळ्यांत जुन्या पुस्तकात पाच, फुलासारख्या उमललेल्या. सरकारी दवाखान्यात नवीन डॉक्टर आले होते. ते एकदा माझ्या मुलीला बघायला घरी आले, तर घरमालकांनी त्यांना वाटेतच धरून काळजात नेलं आणि ते पाच पाळ्यांचं यकृत दाखवलं. डॉक्टर हसून म्हणाले, "आजोबा, पूर्वीचे लोक कुत्रं कापून बघत आणि माणसाचं म्हणून छापत."

घरमालक मला नंतर म्हणाले, "पुस्तक दोनशे वर्षांचं आहे, डॉक्टर अठ्ठावीस वर्षांचे. कुणाचं धरायचं? माझं मत विचाराल तर जुन्या काळी माणसाला पाचच पाळ्या असणार. तेव्हा दूधतूप होतं. आता रेशनवर दोनच सुटतात."

हा असा माणूस, पण रक्त बघवत नसे. भाजी चिरताना काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, बोट कापलं तर हेच आधी खाली बसायचे आणि काकूच एका हातानं पदर बोटाला गुंडाळून दुसऱ्या हातानं यांच्या तोंडावर पाणी मारायच्या. खाटकाच्या दुकानावरून जायला नको म्हणून बाजाराला अर्धा फर्लांग वळसा घालून जात. "पुस्तकात रक्त कुठं असतं?" असं विचारीत. "पुस्तकातला माणूस कोरडा असतो."

काकूंची हरकत वेगळीच होती. पुस्तकातला माणूस कोरडा असो की ओला, तो उघडा होता. चैत्रातल्या हळदीकुंकवाला बायका यायच्या आणि एखादं पुस्तक उघडं राहिलं की पंचाईत. डिंक लावायला घरमालकांची सक्त मनाई. तेव्हा काकूंनी शिवणातल्या चिंध्यांतून बोटभर लांबीचे लंगोट कातरले आणि प्रत्येक चित्रावर योग्य ठिकाणी एकेक ठेवला. नुसता ठेवलेला, न चिकटवलेला. वारा सुटला आणि त्याच वेळी काळजाचं दार उघडं असलं की ते सगळे लंगोट उडून आमच्या दारात यायचे. लाल, हिरवे, एक जरीकाठाचाही. माझी बायको ते वेचून वाटीत घालून काकूंना नेऊन द्यायची, जसा शेजारणीला तीळगूळ द्यावा. कुठला लंगोट कुणाचा हे काकूंना अचूक आठवत असे.

एकेचाळिसांत एक पुस्तक सगळ्यांच्या वरचं होतं. जेवायच्या पाटाएवढं, लॅटिन, तांब्याच्या ठशावर छापलेलं. हैदराबादेत एका मयत डॉक्टरच्या सामानाचा लिलाव झाला त्यात त्यांनी ते घेतलं, सायकल विकून. त्यात कातडं सोललेला माणूस उभा आहे. नुसता स्नायूंचा, तार तार दिसणारा, आणि मागं डोंगर, झाडं, एक पडकी कमान. जणू तो अंगावरचं सगळं उतरवून हवा खायला निघाला आहे. हा माणूस दोन पानांवर होता. एकावर समोरून, एकावर पाठमोरा. यांच्या पुस्तकात पाठमोरा होता. समोरचं पान गहाळ. त्या जागी घरमालकांनी बरोबर मापाचा कोरा कागद ठेवला होता आणि त्यावर आपल्या सुरेख नकलनवीशी अक्षरात लिहिलं होतं, "अस्सल पान आढळले नाही."

त्या पानाची रुखरुख त्यांना अकरा वर्षं होती. पुस्तकाची बांधणी सुटत चालली होती, तरी ते बांधून घेत नव्हते. "अर्धा माणूस बांधून कसा घेऊ? त्याचं तोंड मी अजून बघितलं नाही." दुखणं आलं की काकूंना सांगत, "मी गेलो तर जाऊ दे, पण ते पान मिळालं तर माझ्या फोटोपुढं आणून दाखव." मुलंबाळं नव्हती. या घरात काही अपुरं राहिलं असेल तर ते एवढंच पान, असंच ते मानत असावेत. तो पाठमोरा माणूस त्यांनी मला इतक्या वेळा दाखवला होता की रस्त्यानं पुढं चाललेल्या माणसाकडं बघूनही मला त्याची आठवण व्हायची.

मार्चअखेरीला मी सोसायटीच्या हिशेबतपासणीला बेंबळीला गेलो. ऊन फार होतं. चेअरमनचा चहा झाल्यावर एका शेतकऱ्यानं ताकाला म्हणून घरी बोलावलं. मी ताकाचा पेला तोंडाला लावला, वर बघितलं आणि ताक माझ्या शर्टावर सांडलं. भिंतीवर काचेच्या चौकटीत तो उभा होता. समोरून. तोच डोंगर, तीच पडकी कमान, गळ्यात सुकलेला झेंडूचा हार आणि कपाळाच्या स्नायूंवर कुंकू.

"आमचे आजोबा," शेतकरी म्हणाला. "पैलवान होते. हैद्राबादपत्तोर नाव होतं."

मी रात्री घरी येऊन घरमालकांना सांगितलं. त्यांनी आपलीच नाडी धरली. मग म्हणाले, "चेहरा कसा आहे?"

"शांत आहे," मी म्हणालो. "जरा डावीकडं बघतोय."

एकशे एक रुपये म्हणजे त्यांचं जवळजवळ दोन महिन्यांचं पेन्शन. काकूंनी विरोध केला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या की आणायचाच असेल तर लंगोटाचं माप घेऊन या.

पान खरंच याच पुस्तकाचं आहे हे कागद कागदाला लावून पटवायचं, म्हणून पुस्तक बरोबर घेतलं. ते दुलईत गुंडाळून घरमालक एस.टी.त मांडीवर घेऊन बसले. कंडक्टर तिकीट फाडता फाडता थांबला.

"पोरगं आजारी हाय का, काका?"

"पाठ चांगली आहे," घरमालक आपल्याच विचारात म्हणाले. "समोरची बाजू अकरा वर्षांपासून नाही."

कंडक्टरनं पुढच्या बाकावरच्या दोघांना उठवलं आणि आम्हाला तिथं बसवलं. बेंबळीपर्यंत गाडी इतकी हळू आली की ड्रायव्हरलाही त्यानं काहीतरी सांगितलं असणार.

म्हातारी, म्हणजे त्या शेतकऱ्याची आई, सत्तरीच्या पुढची, ताठ, नऊवारी, डोक्यावर पदर. भिंतीवरच्या पैलवानाची ती थोरली सून. घरमालक आत आले, चित्रासमोर उभे राहिले आणि त्यांनी शेरवानीचं वरचं बटण काढलं. मी सहा वर्षांत ते बटण निघालेलं तेव्हाच पाहिलं. बराच वेळ त्यांनी त्याचं तोंड पाहून घेतलं. मग खाली बसून घोंगडीवर एकशे एक रुपये ठेवले.

मुलानं नोटा बघितल्या. "आई, एकशे एक! म्हशीचं रेडकू येतं यात."

"आन् रेडकाला हार घालतूस का मग?" म्हातारी म्हणाली. "मामंजी इकायचे न्हायत."

"मावशी," घरमालकांनी विचारलं, "हे चित्र तुमच्याकडं आलं कसं?"

"मामंजी कुस्तीला हैद्राबादला गेलते. तितं खांदा निखळला. डाक्टर सायबानं बसवला, आन् अंग बगून म्हनला, पैलवान, तू आतनं बरुबर असा हायेस. आन् बुकातलं काडून दिलं त्येला."

घरमालकांनी माझ्याकडं बघितलं. डॉक्टर तोच असणार, ज्याच्या सामानाचा पुढं लिलाव झाला. पान गहाळ झालेलं नव्हतं तर, दिलेलं होतं. पण ते पैलवानाचं चित्र म्हणून दिलं नव्हतं, हे त्यांना आणि मला कळत होतं. आणि खोटी नक्कल खपवून घेणं या माणसाच्या तीस वर्षांच्या नोकरीत बसत नव्हतं. मला भीती वाटली की ते आता सगळं सांगून टाकणार: बाई, हा तुमचा कुणी नव्हे, दोनशे वर्षांपूर्वीचा परदेशी मुडदा आहे.

"पण मावशी," ते जपून म्हणाले, "याला कातडं नाही."

"चरबी न्हाय म्हना," म्हातारी म्हणाली. "दूद, बदाम आन् हजार जोर. अंगाला तोळाभर चरबी न्हवती. कातडं असं पातळ की आतलं समदं दिसायचं. आजकालची पोरं बगा, काय दिसतंय का आतलं?" असं म्हणून तिनं मुलाच्या पोटाकडं हात केला. मुलानं पोट आत घेतलं.

घरमालक थोडं पुढं सरकले. आवाज कचेरीतला झाला. "तसदीक झाली आहे का? म्हणजे, चेहरा असाच होता, हे तुम्ही ताडून बघितलंय?"

"म्या?" म्हातारी चमकली. "म्या कशी बगनार वो? सून हाय म्या. पदर म्होरं, नजर खाली. भाकरी वाडताना हात बगितला, पाया पडताना पाय बगितले. तोंड कवाच न्हाय बगितलं."

"कधीच नाही?"

"एकदा बगितलं, मयताला. तवा मिशीला तूप लावलेलं हुतं, काय कळलं न्हाय. पर पाट बगितली. रोज पहाटं तालमीला निगायचे तवा दाराआडनं बगायची. ती पाट म्या हजारात वळखीन."

घरमालक माझ्या कानाशी आले. एवढे आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. "सुटलो," ते कुजबुजले. "आपल्याला खोटं बोलायला नको की खरं सांगून म्हातारीला दुखवायला नको. पाठ दाखवतो. ती स्वतःच म्हणेल, हा नव्हे. मग समोरचा तरी तिचा कसा?"

त्यांनी दुलई सोडली, पुस्तक घोंगडीवर ठेवलं, काकूंचा हिरवा लंगोट घाईनं खिशात घातला आणि पान उलटलं.

म्हातारी वाकली. डोळ्यांवर हात धरून तिनं बघितलं. मग एकदम उभी राहिली, पदर नाकापर्यंत ओढला आणि दोन पावलं मागं सरकून दाराच्या आड गेली. त्या वयातही इतकी चटकन, की कोपऱ्यातली घागर लवंडली.

"आई, काय झालं?" मुलगा म्हणाला.

दाराआडून आवाज आला, अगदी हळू, नव्या सुनेसारखा. "निगाले. तालमीला निगाले बग."

घागरीचं पाणी घोंगडीकडं येत होतं, ते मी माझ्या रुमालानं अडवलं, कारण पुस्तक खाली होतं. मी त्या पाठीकडं पुन्हा बघितलं. सहा वर्षांत मी त्या चित्रात स्नायू बघितले होते. तो कुठंतरी निघाला आहे हे मला दिसलं नव्हतं.

म्हातारी बाहेर आली ती डोळे पुसत आणि हसत. "सायेब, ह्ये द्या मला. ते भितीवरचं न्या पायजे तर. त्येची मला वळखच न्हाय."

"झालं की मग!" मुलगा खूश झाला. "पानाला पान. फिट्टंफाट. पैसे बी नकोत आमाला."

मी हिशेब केला. समोरचं पान येणार, पाठीचं जाणार. अकरा वर्षांपूर्वी पुस्तक एका पानानं अपुरं होतं, ते घरी जाताना एका पानानंच अपुरं राहणार. फक्त दुसऱ्या. घरमालकांनाही तो हिशेब झालेला असावा, कारण ते कधी भिंतीकडं आणि कधी पुस्तकाकडं बघत राहिले. कोऱ्या कागदावरचं आपलं अक्षर त्यांनी बोटानं चाचपलं. मला वाटलं ते पुस्तक मिटतील, आणि मिटलं असतं तरी त्यांना कुणी नावं ठेवली नसती. पुस्तक त्यांचं होतं.

त्यांनी बांधणीचा सैल दोरा ओढला. पाठमोऱ्या माणसाचं पान अलगद सुटलं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचलून म्हातारीपुढं धरलं.

"आणि समोरचंही राहू द्या इथंच, मावशी. एका माणसाचं तोंड धाराशिवला आणि पाठ बेंबळीला, असं कुठं असतं का?"

"अहो," मी न राहवून म्हणालो, "पुस्तक दोन पानांनी अपुरं झालं!"

"अपुरं कसं?" ते म्हणाले. "अपुरं आजवर होतं, एक पान गहाळ होतं म्हणून. आता एकही पान गहाळ नाही. दोन्ही कुठं आहेत ते मला ठाऊक आहे." त्यांनी कोरा कागद काढला, माझं पेन मागितलं, आधीची ओळ खोडली आणि खाली लिहिलं, "दोन्ही पाने बेंबळी मुक्कामी समक्ष पाहिली." मग बटण लावलं.

मुलानं नोटांकडं शेवटचं बघितलं आणि घोंगडीवरून उचलून त्या घरमालकांच्या हातात दिल्या. आम्ही उठलो, तेव्हा म्हातारीनं वाट अडवली. पदराच्या टोकाची गाठ दातांनी सोडली.

"काय हे, मावशी? मी काही विकलेलं नाही."

"न्हाय कसं? मामंजी फुकट घिऊ का म्या? गाव काय म्हनंल?"

ते नको नको म्हणत होते आणि ती त्यांच्या मुठीत कोंबत होती. शेवटी त्यांनी मूठ मिटली. एकशे एक रुपये जसेच्या तसे परत आले; प्रवासखर्च ज्याचा त्यानं केला. त्या दिवशी प्रत्यक्ष दिली गेलेली रक्कम सव्वा रुपया; देणारी म्हातारी, घेणारे आमचे घरमालक.